तोंडी फिल्टर

आमच्या हॉस्पिटलच्या तळघरात, जिथे पूर्वी धुलाईखाना होता, तिथे पाहुणे राहतात. पाहुणे म्हणजे सत्तर किलो वजनाचा रबरी पुतळा. त्याची छाती वरखाली होते, मनगटाला नाडी लागते, आणि डॉक्टरने चूक केली की त्याचे ओठ निळे पडतात. खऱ्या माणसावर हात चालवण्याआधी डॉक्टरांनी याच्यावर काय त्या चुका करून घ्याव्यात, म्हणून त्याला आणलेला. खोकी आली त्या दिवशी कोणीतरी विचारलं, "आले का पाहुणे?" आणि तेच नाव पडलं.

पाहुणे बोलायचेही. त्यांच्या घशात स्पीकर आहे आणि शेजारच्या खोलीत, एका बाजूनेच दिसणाऱ्या काचेमागे, माइक. त्या माइकवर बसणाऱ्या माणसाला सगळे पेशंटकाका म्हणत. या काकांमुळे एका मुलीची नोकरी वाचली आणि त्यांची स्वतःची गेली. ते कसं झालं ते मी सांगणार आहे. त्यात माझा भाग काय होता तोही सांगावा लागेल. तो वगळला तर गोष्ट फार गोड होते, आणि गोड बोलण्याबद्दल माझी ख्याती नाही.

मी तातडीच्या विभागातली डॉक्टर. तळघरातली सरावाची खोली माझ्या ताब्यात होती. ज्युनिअर मंडळी माझ्या पाठीमागे मला घाईबाई म्हणतात. मला ते माहीत आहे, आणि नाव ठेवणाऱ्याची काही चूक झालेली नाही.

काका मुळात मेकॅनिक. सव्वीस वर्षं त्यांनी हॉस्पिटलची यंत्रं दुरुस्त केली. एक्स-रे, सक्शन, खाटांचे दांडे, एकदा तर मोठ्या साहेबांचा अडकलेला ड्रॉवरसुद्धा. निवृत्तीला दोन महिने उरले असताना पाहुणे चार खोक्यांतून आले. कंपनीचा माणूस येतो येतो म्हणत आलाच नाही. काकांनी पुस्तक उघडलं, चष्मा कपाळावर चढवला आणि तीन दिवसांत पाहुण्यांना जोडून खाटेवर झोपवलं. उजवा पाय डावीकडे आणि डावा उजवीकडे बसला होता. ते आम्हा डॉक्टरांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही, झाडलोट करणाऱ्या बाईंच्या आलं. काकांनी पाय बदलले आणि निवृत्तीनंतर कंत्राटावर तिथेच राहिले.

बोलण्याची कल्पना त्यांचीच. पुतळ्याबरोबर छापील खोकले आणि कण्हणं आलं होतं, ते ऐकून पोरं फिदीफिदी हसायची. काकांनी ती वायर काढली आणि माइक जोडला. "डॉक्टर... श्वास... पुरत नाही," एवढं ते अशा काही आवाजात म्हणाले की पहिल्या तुकडीतल्या एका डॉक्टरच्या हातातली सुई खाली पडली. मी विचारलं, हे कुठे शिकलात? म्हणाले, "हिचा दमा तीस वर्षांचा आहे मॅडम. एवढ्या वर्षांत घरचं मांजरही शिकलं असतं."

प्रत्येक सरावाआधी ते दुरुस्तीच्या जुन्या फॉर्मच्या पाठीमागे पेशंटची माहिती लिहून ठेवत. ड्रायव्हर, वय पन्नास, दोन मुली, धाकटी चार दिवस बोलत नाहीये. डॉक्टर यातलं काही विचारत नसत, कारण त्यांना त्यासाठी वेळच नसायचा. मी काकांना चिडवायचे, "कादंबरी लिहायला घ्या आता." ते म्हणायचे, "मला माहीत असलं की धाप बरोबर लागते." माणूस कामाचा होता, त्यामुळे मी वाद घालत नसे.

मग साथ आली.

पहिल्या महिन्यात आमच्याकडे काय तारांबळ उडाली ते आता सांगून कोणाला खरं वाटणार नाही. वर पेशंट वाढत होते आणि डॉक्टर कमी पडत होते, म्हणून डोळ्यांचे, त्वचेचे, दातांचे, दिसेल तो डॉक्टर तातडीच्या विभागात ढकलायचं ठरलं. त्या सगळ्यांना आधी माझ्याकडे तळघरात पाठवत. अंगावर किट, तोंडावर दोन मास्क, चष्म्यावर वाफ, कानांवर टोपी. अशा अवतारात पेशंटच्या घशात नळी घालायची, तीही पहिल्याच प्रयत्नात, आणि स्वतःला लागण न होऊ देता. डोळ्यांचे एक ज्येष्ठ डॉक्टर किट घालून आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मी घरी जाऊ का?" आम्ही हसलो. त्यांची पाचावर धारण बसली होती आणि आमचीही.

या सगळ्यात एक छोटी वस्तू फार महत्त्वाची होती. नळी घालण्याआधी पेशंटला मास्क आणि हाताने दाबायची बॅग लावून ऑक्सिजन देतात. मास्क आणि बॅग यांच्यामध्ये एक फिल्टर बसवायचा. पांढरी, मुठीत मावेल एवढी डबी. ती असली की पेशंटचा उच्छ्वास गाळून बाहेर येतो. ती नसली की बॅगेच्या प्रत्येक दाबाबरोबर त्याच्या फुप्फुसातला रोग उशाशी उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर येतो. आमच्याकडे सरावाचे तीन फिल्टर होते, वापरून वापरून पिवळे पडलेले. एका सकाळी वरून निरोप आला की भांडारात अकराच उरलेत, असतील तेवढे द्या. मी तिन्ही उचलले आणि स्वतः नेऊन दिले. जुने तर जुने, नसण्यापेक्षा बरे.

दुसऱ्या दिवशी काका खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण घेऊन आले. दोन्ही बाजूंना रबरी कडी बसवलेली.

"मॅडम, हे बघा. फिल्टरच्या जागी. वजन जवळपास तेवढंच आहे. हाताला सवय राहील."

सरावाच्या ऐन मध्यावर ते झाकण टक्कन निसटलं आणि खाटेखाली घरंगळत गेलं. डोळ्यांचे डॉक्टर ते शोधायला वाकले, त्यांचा चष्मा पडला, चष्म्यावर दुसऱ्याचा पाय पडला. वीस मिनिटं गेली. बाहेर पुढची तुकडी किटमध्ये घामाघूम होऊन उभी. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"काका, पुरे झाला खेळ. फिल्टर तोंडी घ्यायचा. यांनी 'लावला' म्हणायचं, तुम्ही काचेमागून 'लागला' म्हणायचं, आणि पुढे जायचं."

"दोन दिवस द्या मॅडम. आटे पाडून घेतो, मग निघणार नाही."

"दोन दिवसांत चाळीस माणसं वर जातात. तुमच्या आट्यांसाठी साथ थांबणार आहे का?"

"यंत्राला बोललेलं ऐकू येत नाही, मॅडम."

"मग तुम्ही ऐका," मी म्हटलं. हे वाक्य मला लख्ख आठवतं, कारण त्या वेळी ते मला फार हजरजबाबी वाटलं होतं.

तसा नियम सुरू झाला. मास्क धरला की म्हणायचं, "लावला." छताच्या स्पीकरमधून काका म्हणायचे, "लागला." त्यांचा हा आवाज पेशंटचा नसायचा, स्वतःचा असायचा, शांत आणि जाड. तो आला की पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा चढायचा आणि किटमधल्या घाबरलेल्या माणसांचे खांदे खाली यायचे. मला ते बघून बरं वाटायचं. सराव झपाट्याने होऊ लागला. रोजच्या चार तुकड्यांच्या जागी सात बसू लागल्या आणि मोठ्या साहेबांनी मला शाबासकी दिली.

पाच आठवड्यांनी फिल्टरची खोकी आली. वरच्या प्रत्येक ट्रॉलीच्या ड्रॉवरमध्ये सहा-सहा फिल्टर ठेवले गेले. काकांनी माझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवली, "आपले तीन परत मागवावेत." मी वाचली आणि तिच्यावर फाईल ठेवली. नंतर त्यांनी तोंडी आठवण केली. मी म्हटलं, बघू. चाललेल्या गाड्याला खीळ कशाला घालायची, एवढाच माझा विचार होता.

आता वरच्या दोन सिस्टरांबद्दल. एकीला सगळे थोरली म्हणत आणि दुसरीला धाकटी. दोघी एकमेकींच्या कोणी नव्हत्या. एकाच पाळीत असायच्या, एकच डबा खायच्या आणि दिवसभर एकमेकींवर डाफरायच्या, म्हणून ती नावं. थोरलीची वीस वर्षं नोकरी झालेली. धाकटीची दोन, आणि घरात कमावणारी ती एकटीच. दोघी माझ्याकडे कितीतरी वेळा सरावाला येऊन गेल्या होत्या. फिल्टर लावायचं काम धाकटीचं, उशाशी उभं राहून बॅग दाबायचं थोरलीचं.

एका दुपारी जेवणाच्या सुमारास वॉर्डातला एक पेशंट अचानक कोसळला. डॉक्टर, थोरली, धाकटी, तिघं धावली. सगळं आमच्याकडे शिकवलं होतं तसं झालं. जास्तीची माणसं बाहेर, दार बंद, मास्क दोन्ही हातांनी घट्ट. धाकटी खणखणीत आवाजात म्हणाली, "फिल्टर लावला." आणि तिचा हात नळीकडे गेला. तिच्या आवाजात इतकी खात्री होती की कोणी बघितलं नाही. पाच मिनिटं थोरली बॅग दाबत होती. नळी एका फटक्यात गेली, पेशंट वाचला. सगळं उरकल्यावर डॉक्टरने ड्रॉवर उघडला तर सहाच्या सहा फिल्टर पाकिटात बंद.

सहाव्या दिवशी थोरलीला ताप आला. एकोणिसाव्या दिवशी ती गेली. त्याच पाच मिनिटांत तिला लागण झाली असं कोणी शपथेवर सांगू शकणार नाही, त्या दिवसांत रोग कुठूनही लागत होता. पण हॉस्पिटलाला कारण हवं होतं आणि कारण ड्रॉवरमध्ये पडलेलं होतं.

चौकशी बसली. तीन जण टेबलापलीकडे, आणि सरावाची प्रमुख म्हणून एका कडेला मी. धाकटीला उभं करून विचारलं, फिल्टर का लावला नाहीस?

"मी लावला होता," ती म्हणाली.

"पाकिटं बंद होती."

"मला माहितीय साहेब. मी पाकिटं बघितली. पण मी लावला होता. मी म्हटलं, लावला, आणि कोणीतरी म्हणालं, लागला. मी माझ्या कानांनी ऐकलंय."

"कोण म्हणालं?"

ती गोंधळली. त्या खोलीत तिघंच होती आणि बाकी दोघांपैकी कोणी तसं म्हणालं नव्हतं, हे डॉक्टरने आधीच सांगितलेलं. साहेबांनी एकमेकांकडे बघितलं. मुलगी धडधडीत खोटं बोलतेय, वर मेलेल्या बाईच्या माथी मारतेय, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. नोकरी तर जाणारच होती, परवानाही जाणार होता. एकदा परवाना गेला की तिला कोणी दारात उभं केलं नसतं.

ती कोणाचा आवाज सांगतेय ते मला त्याच क्षणी कळलं होतं. आणि मी मूग गिळून बसले. 'विचारलं तर सांगू' असं मी मनाशी म्हटलं. मला कोणी काही विचारलं नाही.

खाली येऊन मी काकांना सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, बहुधा एकटीने पेलवेना म्हणून. ते पाहुण्यांच्या छातीचा पंप उघडून बसले होते. ऐकता ऐकता त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"ती खोटं नाही बोलत," ते म्हणाले. "तिने लावलाच होता. आपल्याकडे."

"मला कळतंय ते."

"मग सांगायला पाहिजे, मॅडम."

"सांगितलं की खोली बंद करतील. परवा बावीस नवे डॉक्टर येताहेत. त्यांना काय तसेच वर पाठवायचे? थोडं थांबू. निकाल लागू दे, मग काहीतरी मार्ग काढू."

हे अगदीच खोटं नव्हतं. बावीस डॉक्टर खरोखर येणार होते. खऱ्या कारणाच्या आड लपायला किती सोपं जातं, ते मला त्या दिवशी कळलं. काकांनी पंप बंद करून हात धुतले.

दोन दिवस त्यांनी माझी वाट बघितली. रोज सकाळी मी आले की माझ्या तोंडाकडे बघायचे, मी घड्याळाकडे बघायचे. तिसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि वर गेले. सोबत सरावाच्या नोंदींची वही आणि अर्ध्या पानाचा जबाब. तो मी नंतर वाचला. "आमच्या खोलीत फिल्टर न लावता लावला असं धरलं जायचं. 'लागला' असं मी माइकवरून म्हणत असे. सदर सिस्टरने हा शब्द माझ्या तोंडून एकवीस वेळा ऐकलेला आहे, तारखा सोबत जोडल्या आहेत. तिने वर जो आवाज ऐकला तो माझा होता. ती खोटं बोलत नाही."

तासाभराने मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. "हे तुम्हाला माहीत होतं?"

त्या जबाबात माझं नाव कुठेच नव्हतं. नियम कोणी केला, झाकण कोणी फेकायला लावलं, चिठ्ठीवर फाईल कोणी ठेवली, काहीच नव्हतं. मी उभी राहिले आणि म्हटलं, "रोजच्या बारीकसारीक गोष्टींवर माझं लक्ष नसतं, सर. ते काका बघायचे."

मी इतक्या वर्षांत अनेक नातेवाइकांना अनेक वाईट बातम्या सांगितल्या आहेत. एवढ्या सहज मी कधीच बोलले नव्हते.

धाकटीला पुन्हा सराव करून कामावर घ्यायचं ठरलं. काकांचं कंत्राट त्याच दिवशी संपवलं. त्यांनी मला किल्ल्या दिल्या, पाहुण्यांचा पंप अडकला तर डावीकडून थाप मारायची हे दाखवलं, आणि माइकवरची धूळ पुसली. मी म्हटलं, "काका, तुम्ही उगाच..." ते म्हणाले, "येतो मॅडम."

त्यानंतरचे दोन महिने मी मनात त्यांना देव करून टाकलं. माझ्यासाठी, खोलीसाठी, बावीस डॉक्टरांसाठी या माणसाने सगळं अंगावर घेतलं, असं मी स्वतःला सांगत होते. हे सांगताना डोळ्यांत पाणी यायचं आणि पाणी आलं की थोडं हलकं वाटायचं. मी त्यांच्या घरी फळांची करंडी पाठवली. काकूंनी ती रिकामी करून, पुसून परत पाठवली, सोबत निरोप काही नाही. हॉस्पिटलात मात्र काकांचं नाव 'लागलावाला' पडलं होतं. जिन्यात, लिफ्टमध्ये लोक म्हणायचे, त्या म्हाताऱ्याच्या आळसापायी बाई गेली. मी लिफ्टमधून उतरून जिन्याने जायचे, आणि जिन्यात ऐकू आलं तर पुन्हा लिफ्टने.

फिल्टर आता खराखुरा लावला जायचा आणि लावल्यावर काचेकडे वर करून दाखवायचा. माइकवर मीच बसायचे. माझे पेशंट मरता मरता डॉक्टरांवर खेकसत, अशी नवी तक्रार होती.

दोन महिन्यांनी धाकटी सरावाला आली. अर्धी झाली होती. तिने फिल्टर लावला, वर धरून दाखवला, पुन्हा चाचपला, पुन्हा दाखवला. मी "ठीक आहे" म्हटलं तरी तिचा हात सुटेना. सराव संपल्यावर बाकीचे गेले आणि ती हातमोजे काढत एकटीच थांबली. मी काचेमागून बाहेर आले.

"बरं झालं त्यांना काढलं, मॅडम," ती म्हणाली. "माझी नोकरी त्यांनी वाचवली, सगळे सांगतात, पाया पड जाऊन. मी नाही जाणार. ताई त्यांच्यामुळे गेली. मी मरेपर्यंत त्यांना माफ करणार नाही."

मी अजूनही गप्प बसू शकले असते. दार उघडं होतं, पुढच्या तुकडीची वेळ झाली होती, मला घाई असतेच.

"तोंडी घ्यायचं ते मी ठरवलं होतं," मी म्हटलं. "काका नको म्हणत होते. त्यांनी फिल्टर बनवून आणला होता, तो मी फेकायला लावला. नवे आल्यावर त्यांनी दोनदा आठवण केली. मी मागवले नाहीत."

एक हातमोजा निघाला होता, दुसरा अर्धा बोटांत अडकलेला. ती तशीच उभी राहिली.

"साहेबांना माहितीय?"

"नाही."

"मग मला कशाला सांगताय? मला सांगून तुम्हाला बरं वाटेल. मला काय?"

मी दाराकडे बघितलं.

"चला वर," ती म्हणाली.

"आत्ता? बाहेर तुकडी उभी आहे गं."

"एरवी तुम्हालाच घाई असते ना? चला."

माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान मुलगी. माझ्या पुढे चालत तिने मला तीन मजले जिना चढवला. साहेबांच्या दारात ती उभी राहिली, मी सगळं सांगून होईपर्यंत. साहेब बराच वेळ पेन बंद-उघड करत होते. म्हणाले, "आता हे कशाला उकरायचं? तो कागद बंद झालाय." दारातून ती म्हणाली, "मग उघडा, साहेब."

कागद उघडला. खोली नऊ दिवस बंद राहिली, मग दुसऱ्या डॉक्टरकडे गेली. माझ्या फाईलमध्ये ठपका लागला, मी वॉर्डात परत गेले. काकांना पत्र गेलं, झालं ते विसरून परत यावं. त्यांचं उत्तर आलं नाही, म्हणून एका रविवारी सकाळी मीच त्यांच्या घरी गेले.

दुसऱ्या मजल्यावरचं घर. काकूंच्या दम्यामुळे कोणाला आत घेत नव्हते. काकांनी जिन्याच्या चौकात माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली आणि स्वतः दारात स्टुलावर बसले, मास्क लावून. आतून काकूंच्या श्वासाची शिट्टी ऐकू येत होती. काका बारीक झाले होते. मी येताना सगळं पाठ करून आले होते, तेच बोलायला लागले. तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत, माझं पाप स्वतःवर घेतलंत, मी कोणत्या तोंडाने...

"थांबा, मॅडम," काका म्हणाले. "तुमच्यासाठी? तुमचं काय घेतलं मी?"

"नियम माझा होता. तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत."

"तुमचं नाव मी कशाला घेऊ? ते तुमचं होतं, तुम्ही सांगायचं होतं. मी माझं सांगितलं." ते चिडले नव्हते. खरोखर नवल वाटल्यासारखे बोलत होते. "मला वाटलं, तुम्हाला आत बोलावलं की तुम्ही तुमचं सांगाल. बाकावर बसलो होतो बाहेर, संध्याकाळपर्यंत."

मी मान खाली घातली. दोन महिने मी ज्याच्यावर रडत होते ते त्याग वगैरे काही नव्हतंच. या माणसाने फक्त खरं सांगितलं होतं, आणि मला सांगायला जागा ठेवली होती.

"परत या, काका," मी कसंबसं म्हटलं. "नव्या डॉक्टरना तुम्ही हवे आहात. धाकटीही म्हणतेय. आता सगळं खरं लावतात."

आत काकूंनी कूस बदलल्याचा आवाज आला.

"नाही जमणार," ते म्हणाले. "तुम्हाला एक माहीत नाही. तुम्ही वेळ बघत असायच्या, पडदा बघत असायच्या. थोरली पाहुण्यांचा हात धरून उभी राहायची. रबराचा हात, पण धरायची, 'घाबरू नका, मी आहे' म्हणायची. डॉक्टर-सिस्टर मिळून दोन-अडीचशे माणसं आली असतील, त्यांत ती एकटी. आणि लावला म्हटल्यावर बाकी सगळे पुढे जायचे. ती थांबायची. वर काचेकडे बघायची. तिला मी दिसायचो नाही, पण बघायची. दर वेळी विचारायची, 'काका, नक्की लागला ना?'"

त्यांनी मास्क सारखा केला.

"आणि मी म्हणायचो, 'लागला गं. तू दाब.'"